लिंबूटिंबूचं लोण

मांजलपूर, बडोदे
भाद्रपद वद्य चतुर्थी

तीर्थरूप शैलाताईस,

वसंताचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी उजवा गुडघा वाकवायला दिवाळीपर्यंत मनाई केली आहे, तेव्हा आठही अंगं कागदावरच टेकली असं समजून आशीर्वाद द्यावा.) तुझी रक्तदाबाची सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी घेतली जात होती, ते आता मार्गी लागलं का? डब्यावर सूर्य आणि चंद्र काढून ठेव, असं मोहनाने सांगितलं आहे. इकडे मोहना बरी आहे, मी बरा आहे. सलीलही बरा आहे, पण हे पत्र त्याच्याविषयीच असल्यामुळे त्याचं बरं असणं जरा सविस्तर सांगावं लागेल.

गेल्या गुरुवारी तू फोनवर सरळ विचारलंस, "वसंता, खरं सांग, माझा मुलगा तिथे काम करतो की खेळतो?" मी काही क्षण गप्प राहिलो आणि लाइन खराब आहे असं समजून तू फोन ठेवलास. लाइन उत्तम होती. तुमच्या देवासच्या बँकेतली जागा त्याच्यासाठी दसऱ्यापर्यंतच अडवून ठेवली आहे, तुला त्यांना हो किंवा नाही कळवायचं आहे, आणि ते माझ्या एका वाक्यावर ठरणार आहे, हे लक्षात आल्यावर मला तोंडी उत्तर देववेना. छत्तीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेल्या माणसाला प्रश्न समोर लिहिलेला असावा लागतो आणि उत्तराला पुरेसे कागद.

तर तो काम करतो. रोज साडेनऊला मोहनामामीच्या हातचा डबा घेऊन स्कूटरवरून अलकापुरीला जातो. तिथे चष्म्याच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. बारा माणसं बसून फोनवर खेळायचे खेळ तयार करतात. त्यात सलीलचं काम असं की, खेळात काय घडेल, खेळणारा कुठे अडकेल, कशाने हरेल आणि कशाने जिंकेल, हे तो ठरवतो. (माझ्या मते हे काम फार जबाबदारीचं आहे. शाळेत प्रश्नपत्रिका काढताना मला हेच करावं लागे आणि त्याबद्दल मला कोणी कधी बरं म्हटलं नाही.) त्यांचे मालक पीयूषभाई हे सज्जन गृहस्थ आहेत. आषाढात कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं की निम्मे फोन बायकांच्या हातात आहेत आणि त्यांतली एकही बाई आपला खेळ खेळत नाही. पीयूषभाईंना हे मनाला लागलं. त्यांनी सलीलला बोलावून सांगितलं, नोरतां बसायच्या आत, म्हणजे घटस्थापनेआधी, बायकांसाठी एक खेळ कर. बायकांनी तो आपणहून मागितला पाहिजे. नाही जमलं तर हा विभाग बंद, आणि विभाग म्हणजे सलीलच. हे त्याने तुला सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि आईला सांगू नका असंही सांगितलं. तेव्हा मी सांगितल्याचं तू त्याला सांगू नकोस.

पहिली बैठक झाली तिला सहा पुरुष हजर होते. बायकांना काय आवडतं यावर त्यांचं वीस मिनिटांत एकमत झालं. (घरी यातल्या कुणाचंही घरच्या बाईशी पडद्याच्या रंगावर वर्षभरात एकमत झालेलं नाही.) गुलाबी रंग, फुलं, स्वयंपाकघर आणि एक रांगतं मूल. ऑफिसात वैष्णवी म्हणून एक मुलगी आहे, ती खेळातली झाडं आणि ढग काढते. तीही त्या खोलीत बसली होती. तिला एकच प्रश्न विचारला गेला तो म्हणजे गुलाबी नेमका कुठला. सलीलने मात्र, हे सांगताना मला अभिमान वाटतो, बायकांनाच विचारावं असा आग्रह धरला आणि आमच्या सोसायटीतल्या मराठी बायकांसाठी एक प्रश्नावली लिहून द्यायला मला सांगितलं. इथे माझा या प्रकरणात प्रवेश झाला आणि इथेच पहिली चूक झाली. ती माझी होती.

मी प्रश्न लिहिला: 'आपण मोकळ्या वेळात कशात रमता?' वाक्य निर्दोष आहे. एक्केचाळीस बायकांनी बिननावाचे कागद भरून दिले, मी ते गठ्ठ्याने पीयूषभाईंच्या टेबलावर ठेवले. आता ताई, तू बडोद्यात वाढलीस, तुला सांगायला नको. आपण बागेत रमतो, पुस्तकात रमतो, नातवंडांत रमतो. गुजरातीत रमणं म्हणजे खेळणं. ते क्रिकेट रमतात, पत्ते रमतात. सहासष्ट वर्षं दिवसातून दहा वेळा हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकूनही तो गुजराती मालकासाठी मराठी कागदावर लिहिताना माझा हात अडला नाही. पीयूषभाईंना मराठी वाचता येतं. त्यांनी सगळे कागद एका बैठकीत वाचले आणि मला फोन केला. आवाजात अपार आनंद. "जोयुं वसंतभाई? बहेनो मेथी रमे छे!"

खरंच अकरा बायकांनी मेथी निवडण्यात रमतो असं लिहिलं होतं. सात जणी कपाट लावण्यात रमत होत्या. चौघी कुणाला न सांगता गच्चीत जाऊन बसण्यात. एकीने 'नवरा बाहेरगावी गेला की घरात' एवढंच लिहिलं होतं. (कागद बिननावाचा होता. तरी त्यातला 'घ' काढण्याची पद्धत मी गेली एकोणचाळीस वर्षं किराणा सामानाच्या यादीत पाहत आलो आहे. मी तो विषय घरी काढलेला नाही.) मी पीयूषभाईंना दोन्ही अर्थ समजावू लागलो, पण तोवर मेथीची चित्रं काढायला सुरुवात झाली होती.

'सुखी सखी' असं त्या खेळाचं नाव ठेवलं. पहिल्या टप्प्यात मेथी निवडायची, दुसऱ्यात कपाट लावायचं, तिसऱ्यात गच्चीवर बसायचं. चौथ्या टप्प्यात एक गृहस्थ बॅग घेऊन दाराबाहेर पडतात आणि वरून चांदण्यांचा वर्षाव होतो. सलीलला हे पटत नव्हतं, पण वेळ थोडा होता आणि कागदावर बायकांचीच उत्तरं होती. शिवाय ऑफिसात सर्वांनुमते ठरलं की बायकांना खेळाची सवय नसते, त्या बिचकतात, तेव्हा या खेळात कुणी हरायचं नाही. काहीही केलं तरी फुलं पडावीत आणि गोड आवाजात 'वाह!' ऐकू यावं.

गौरी-गणपती व्हायचे होते. त्याआधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चौदा बायकांना बोलावलं. खमण होतं, चहा होता. पीयूषभाई स्वतः आले होते आणि खुर्च्या लावू लागले. वरच्या मजल्यावरच्या कमळाबाई तुला आठवत असतील, मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. आता पंचाहत्तरीच्या आहेत, आवाज मात्र अजून मैदानाच्या पलीकडे जातो. सगळ्यांनी फोन हातात घेतले. तीन-चार मिनिटं नुसतं वाह, वाह, वाह चाललं होतं. मग एकेक फोन मांडीवर पालथा पडू लागला. बायका खमणाच्या फोडणीबद्दल बोलू लागल्या. सलील भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा, ताई, दहावीचा निकाल लागला तेव्हा झाला होता तसा झाला होता.

पीयूषभाईंनी नम्रपणे विचारलं, आवडला नाही का? बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, छान आहे, रंग छान आहे. मग कमळाबाई उठल्या.

"अहो भाई, मी मेथी टाकून दिली आणि देठं ठेवली. तरी फुलं पडली. यात हरायचं कुठून?"

"हरायचं नाहीच, बेन. तुमच्यासाठीच तसं केलंय."

"मग मी खेळले हे त्या फोनला तरी कळलं का?"

मोहना चहाचे कप गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आम्हाला लिंबूटिंबू घेतलंय."

सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या तसे पीयूषभाई घाबरले. त्यांना शब्द माहीत नव्हता, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तसं सांगितलं, की एखादं लहान पोर मोठ्यांच्या खेळात शिरायचा हट्ट धरतं तेव्हा त्याला रडू नये म्हणून घेतात. ते पळतं, लपतं, ओरडतं. त्याला कुणी बाद करत नाही आणि त्याने काहीही केलं तरी ते धरत नाहीत. त्याला वाटतं आपण खेळतोय. पीयूषभाई ऐकत राहिले. मग म्हणाले, पाच चुलत भावांत मी धाकटा होतो, आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. एवढ्या मोठ्या ऑफिसचा मालक असा पाठ करून उभा राहिला की काय करायचं ते समजत नाही. शेवटी वळून त्यांनी सलीलला सांगितलं, आहे तेवढे दिवस आहेत. ही मेथी काढून टाक.

दुसऱ्या दिवशी सलीलने वैष्णवीला रंग सोडून पहिल्यांदा काहीतरी विचारलं. तेव्हा कळलं की ती गेली चार वर्षं रोज फोनवर बंदुकांचा एक खेळ खेळते आणि त्यात तिचा बराच दरारा आहे, पण 'सुभानराव' या नावाने. स्वतःच्या नावाने खेळली की इतर खेळाडू म्हणतात, तू मागे थांब, औषधं सांभाळ. सुभानरावांना असं कुणी म्हणत नाही. सलील मला म्हणाला, मामा, मेथीत दोष नव्हता हो. मेथी निवडतानासुद्धा जिंकायला-हरायला ठेवलं असतं तरी चाललं असतं. आपण त्यांना हरू दिलं नाही, तिथे चुकलं.

आणि मग मी एक गोष्ट केली जी तुला विचारून करायला हवी होती. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन (तीन मजले, लिफ्ट बंद, गुडघा तू जाणतेसच) तुझी गोष्ट सांगितली.

त्या मुलांना आधी आट्यापाट्या म्हणजे काय तेच समजावावं लागलं. आपल्या गल्लीत तांब्यातल्या पाण्याने पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर एकेक जण उभा, त्याने पाय रेषेवरून न सोडता अडवायचं, आणि समोरच्याने हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून तसंच परत यायचं. परत आला की 'लोण!' म्हणून ओरडायचं. मी सांगितलं की गल्लीत एकच मुलगी होती, माझी बहीण. ती अकराची, मी नऊचा. वयाने ती मोठी, उंचीने मोठी, पळण्यात आम्हा सगळ्यांहून पुढे. तरी ती लिंबूटिंबू, कारण ती मुलगी होती आणि आईने मला बजावलं होतं की हिला धक्काबुक्की करायची नाही, उद्या पाय मुरगळला तर आम्ही काय सांगायचं. आणि एकदा उन्हाळ्यात ती सातही पाट्या ओलांडून गेली आणि परत आली, खिसा फाटलेला, एक वेणी सुटलेली, आणि 'लोण!' म्हणून ओरडली. मी गडी होतो, शेवटच्या पाटीवर मीच होतो. मी सांगितलं, लिंबूटिंबू आहे, धरत नाही. ती घरात गेली आणि त्यानंतर आमच्यात खेळायला आली नाही. नियम नियमासारखे असतात, असं मी त्या मुलांना सांगितलं. वैष्णवी तेवढ्यात एक वेणी सुटलेली मुलगी कागदावर काढत होती.

पुढचं सांगायला थोडकं आहे. खेळ झाला. त्याचं नाव 'लोण'. एक मुलगी पाट्या ओलांडते. गुलाबी कुठे नाही, मातीचा रंग आहे, आणि पाण्याच्या रेषा उन्हाने हळूहळू वाळत जातात. त्या वाळून जायच्या आत परतावं लागतं. खेळ सुरू होताना तो एकच प्रश्न विचारतो: खरी, की लिंबूटिंबू? गेल्या रविवारी त्याच हॉलमध्ये त्याच चौदा जणींनी 'खरी'वर बोट ठेवलं आणि सगळ्याच्या सगळ्या पहिल्या पाटीवर बाद झाल्या. कमळाबाई अकरा वेळा हरल्या. त्यांचा चहा निवला, नातीचा फोन आला तो त्यांनी कापला, आणि एकदा त्या इतक्या जोराने 'अरे लबाडा!' म्हणून ओरडल्या की खालून वॉचमन वर आला. शेवटच्या पाटीपाशी काय होतं ते खेळूनच बघावं लागतं, त्याचं वर्णन मी करत नाही. अंधार पडायला लागला तरी बायका उठेनात आणि पीयूषभाईंनी पुन्हा चहा सांगितला. जाताना चौदापैकी बारा जणींनी आपणहून विचारलं, हा आमच्या फोनवर कधी येणार?

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: तो काम करतो. मोठ्या माणसांना खरं खेळता यावं म्हणून तो काम करतो. बँकेला काय कळवायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. भावजींच्या माघारी मुलगा जवळ असावा असं तुला वाटणं मला समजतं आणि त्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. फक्त गेल्या रविवारी बायका उठेनात तेव्हा त्याचा चेहरा कसा होता तेही मी पाहिलं आहे, आणि ते तुला सांगणारा इथे माझ्याखेरीज कोणी नाही.

थंडीत इकडे ये. पोंक, म्हणजे तुमच्याकडचा हुरडा, येईल तोवर.

तुझा धाकटा,
वसंत

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. पीयूषभाईंच्या वकिलांचं म्हणणं असं की हयात व्यक्तीचं नाव आणि चेहरा वापरायला तिची सही लागते. त्या मुलीचं नाव शैला आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव. श्राद्धपक्षात पीयूषभाई नवीन काही सुरू करत नाहीत, पण नोरतांच्या पहिल्या दिवशी खेळ बाहेर काढायचा म्हणतात, आणि सही नसेल तर खेळ नाही, विभाग नाही, आणि मग सलील येत्या दसऱ्याला तुझ्या बँकेत बसेलच. तेव्हा दोन्ही गोष्टी तुझ्याच हातात आहेत. मी आग्रह करत नाही.

आणखी ता. क. त्याच सहीबरोबर माझं एक किरकोळ काम कर. खेळात शेवटच्या पाटीवर एक मुलगा उभा आहे. अर्धी चड्डी, एक पट्टा खांद्यावरून घसरलेला. तो अडवताना पाय रेषेवरून सोडतो. तेवढ्यात त्याच्या पायावर बोट ठेवलं तर तोच बाद होतो आणि मुलगी पुढे जाते. कमळाबाईंना हे बाराव्या खेपेला सापडलं आणि तेव्हापासून सोसायटीतल्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. जिन्यात भेटल्या की म्हणतात, "मास्तर, पाय सांभाळा." मोहना तर भाजी चिरतानासुद्धा माझ्या पायाकडे बघते. तो पाय रेषेवर ठेवायला तू सलीलला सांगावंस, तुझं तो ऐकेल. ताई, मी ऑफिसात पायाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी सलीलला विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुठून आलं? तो म्हणाला, "मामा, आईने सांगितलंय. मी सात वर्षांचा होतो तेव्हा."

म्हणजे तुला दिसलं होतं. आणि तू मला इतक्या भाऊबीजांना ओवाळलंस.

समासात लिहितो आहे, कागद संपला. पायाचं राहू दे, सलीलला काही सांगू नकोस. तो पाय रेषेवर गेला तर खेळात काही उरत नाही, हे मलाही कळतं. आणि सलीलला जे तूही सांगितलेलं नाहीस ते मी आता लिहून ठेवतो: त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी तू मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस, "वसंता, आज मी खरी." आणि मी मान डोलावली होती. तू लिंबूटिंबू नव्हतीस. हे आपल्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मला जमलं.

खेळात मुलगी परत आली की तो मुलगा दोन शब्द बोलतो. सलीलला त्यासाठी आवाज हवा होता, तो माझा घेतला आहे. एकोणीस वेळा म्हणावं लागलं, अठरा वेळा नीट आलं नाही. तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने आहे: लोण धरलं.